कंपनीकडून अचानक आलेल्या मेलमधल्या लिंकवर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा अचानक मेल आला, केवायसी अपूर्ण आहे, ७२ तासांत पूर्ण करा, लोगो बरोबर, नाव बरोबर, पॉलिसी नंबरचे शेवटचे चार आकडेसुद्धा बरोबर, आणि काल मोबाईलवर ती लिंक उघडली गेली पण तुम्ही काही भरलं नाही. आता हा मेल खरा आहे का ते कसं ओळखायचं.

माझं उत्तर असं आहे की ओळखायच्या भानगडीत पडूच नका. मेल खरा असेल तर ते काम कंपनीच्या ॲपमध्येपण होईल, खोटा असेल तर तिथे काही दिसणारच नाही, म्हणजे दोन्ही वेळा तुम्हाला करायचं एकच आहे, मेल बंद करा आणि स्वतःच्या हाताने ॲप उघडा किंवा पॉलिसीच्या कागदावर छापलेला वेबसाइटचा पत्ता टाईप करा. अचानक आलेल्या मेलमधली लिंक मी गेली दोन वर्षं वापरलेली नाही आणि माझं एकही काम अडलेलं नाही.

दोन वर्षं का, ते सांगतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, साताऱ्याला असतात. त्यांची एक जुनी गुंतवणूक आहे, त्या कंपनीचा मेल आला की नॉमिनीची माहिती अपडेट करा. पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच नावाचा, लिंकपण भलत्याच साइटची. बाबांना शंका आली आणि त्यांनी अगदी बरोबर केलं, स्टेटमेंटवरचा नंबर बघून कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, हो सर आमचाच मेल आहे, ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलंय, तुम्ही बिनधास्त क्लिक करा. आणि तो मेल खरंच त्यांचाच होता.

पाच-सहा महिन्यांनी परत तसाच मेल, तोच लोगो, पत्ता तसाच भलता. यावेळी बाबांनी फोन केला नाही, का करतील, कंपनीनेच सांगितलं होतं ना की असंच असतं. साइटवर लिहिलं होतं व्हेरिफिकेशनसाठी १ रुपया भरा, त्यांनी कार्ड नंबर टाकला, ओटीपी आला तो टाकला, आणि २४,९०० रुपये गेले. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिलेली होती पण साइटवर घड्याळ उलटं धावत होतं, दोन मिनिटं बाकी, एक मिनिट बाकी, अशा घाईत मेसेजमधले सहा आकडे सोडून कोण काय वाचतो. मी पुण्यात होतो, त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी झालंय. आधी कार्ड ब्लॉक केलं, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, पाऊण तासाच्या आत हे सगळं झालं म्हणून ११,००० एका वॉलेटमध्ये अडकले आणि नंतर परत मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. बाबांना मी एका शब्दानेही बोललो नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. त्यांना आधी शंका आली होती आणि ती शंका कंपनीने मोडून काढली, याचा मला आजही राग आहे.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोची, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीची, माहिती चोरीला गेली, १४ कोटींहून जास्त लोकांची, आणि आपलं नाव त्यात आहे का ते बघायला कंपनीने स्वतःच्या नेहमीच्या साइटऐवजी एक वेगळीच नवी साइट काढली, इक्विफॅक्ससिक्युरिटी२०१७ डॉट कॉम. एका डेव्हलपरने हे किती धोकादायक आहे ते दाखवायला शब्द उलटे करून सिक्युरिटीइक्विफॅक्स२०१७ डॉट कॉम अशी साइट बनवली आणि कंपनीच्या अधिकृत ट्विटर अकाउंटवरून लोकांना मदत म्हणून चक्क ती नकली लिंक दिली गेली, एकदा नाही, बऱ्याचदा. जिथे कंपनीच्या माणसांनाच आपली लिंक ओळखता येत नाही तिथे साताऱ्यात बसलेल्या रिटायर्ड शिक्षकाने मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ती कशी ओळखावी?

म्हणून ते स्पेलिंग बघा, व्याकरण बघा, लोगो धूसर आहे का बघा वगैरे सल्ले मला आता पटत नाहीत. पूर्वी चोरांचं इंग्रजी कच्चं असायचं, आता एआय वापरून कुणीही स्वच्छ मेल लिहितो, मराठीतसुद्धा. लोगो कॉपी करायला दोन सेकंद लागतात. साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह आहे म्हणजे सुरक्षित हेही खरं नाही, त्याचा अर्थ फक्त एवढा की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये मधला कुणी वाचू शकत नाही, पण ती साइटच चोराची असेल तर? त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट चोरालाही फुकट मिळतं, म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

नाव आणि पॉलिसीचे आकडे बरोबर आहेत ही तुमची मुख्य अडचण दिसते, तर त्याचंही तसंच. ही माहिती बाहेर असते. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या इन्शुरन्स कंपनीच्या ग्राहकांच्या पॉलिसीची आणि क्लेमची कागदपत्रं टेलिग्रामवरच्या बॉटमधून, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या खात्यातून, मिळत होती, पेपरात सगळीकडे आलं होतं. मेल पाठवणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीतरी माहीत आहे यावरून तो कंपनीचा माणूस ठरत नाही.

तरी लिंक वाचायची कशी हे माहीत असावं, तर थोडक्यात: लिंकवर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो, कॉम्प्युटरवर कर्सर वर नेला की खाली कोपऱ्यात दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे डॉट कॉमसारखं शेपूट असतं, त्याच्या आधीचा शब्द म्हणजे खरा मालक. म्हणजे अमुकबँक डॉट कॉम डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम असं असेल तर ती साइट अमुक बँकेची नाही, केवायसी-अपडेट नावाच्या कुणाची तरी आहे, पुढे बँकेचं नाव नुसतं चिकटवलंय. पण यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण खऱ्या कंपन्यासुद्धा कोण क्लिक करतं ते मोजायला लिंक दुसऱ्याच साइटवरून फिरवून आणतात, आणि उलट खऱ्या पत्त्यावरून खोटा मेलपण येतो. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर चोर खोटं बिल बनवतात आणि ते पेपालच्याच खऱ्या पत्त्यावरून लोकांना जातं, आत मात्र फोन नंबर चोराचा असतो.

बँकांच्या बाबतीत एक चांगलं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितलं होतं, आणि ते नाव कुणालाही विकत मिळत नाही, फक्त बँकांनाच मिळतं. पण तुमचा मेल इन्शुरन्सचा आहे त्यामुळे तिथे याचा उपयोग नाही.

अजून एक, खात्री करायला कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथेपण खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात आणि लोक स्वतःहून चोराला फोन लावतात. पॉलिसीवर छापलेला, पासबुकातला किंवा कार्डाच्या मागचा नंबर घ्या. बाबांनी तर आता फोनच्या डायरीत सगळ्या कंपन्यांचे नंबर आणि साइटचे पत्ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेत, मेल काहीही येवो, ते डायरी काढतात.

तुम्ही स्वतः आत्ता पासवर्ड बदलायला टाकला आणि मिनिटभरात त्याची लिंक आली, तर ती वापरायला हरकत नाही, ती तुम्हीच मागवली होती. माझा सगळा आक्षेप न मागता आलेल्या लिंकवर आहे.

आता तुम्ही काल क्लिक केलंत त्याबद्दल. फोन अपडेटेड असेल आणि पान नुसतं उघडून बंद केलं असेल तर बहुतेक काही झालेलं नाही, घाबरू नका. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एखादी एपीके फाईल (अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाईल) आलीये का तेवढं बघा, असेल तर न उघडता डिलीट करा. ती चुकून इन्स्टॉल झाली असेल तर मात्र फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, कारण अशी ॲप्स तुमचे ओटीपीचे मेसेज वाचतात. आणि आता आठवून बघा, कुठे पासवर्ड, कार्ड नंबर, ओटीपी टाकला होता का? थोडासा जरी संशय असेल तर पासवर्ड लगेच खऱ्या साइटवरून बदला, कार्ड ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा आणि बँकेकडे तक्रार करून तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, त्यामुळे लाज वाटते म्हणून किंवा घरचे ओरडतील म्हणून एक तासही थांबू नका.

हे सगळं नसेल तर आज फक्त ॲप उघडून केवायसी खरंच बाकी दाखवतंय का ते बघा, दाखवत असेल तर तिथेच भरून टाका, नसेल तर मेलला फिशिंग, म्हणजे फसवणुकीचा मेल, म्हणून रिपोर्ट करा.