कोल्हापुरात राहून मुलाला बीएमएक्स रेसिंगमध्ये राष्ट्रीय पातळीपर्यंत नेता येईल का?

तुमच्या ११ वर्षांच्या मुलाला बीएमएक्स रेसिंगची, म्हणजे उंचवटे आणि वळणे असलेल्या ट्रॅकवर छोट्या सायकलींच्या शर्यतीची ओढ लागली आहे आणि येथे राहून तो राष्ट्रीय पातळीवर पोहोचेल का, शिवाय सुरुवात कशापासून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी कोल्हापुरात काही वर्षांपासून सकाळच्या वेळी मुलांना सायकलिंग शिकवतो आणि माझे उत्तर असे की, सुरुवात जरूर करा, मात्र उड्या आणि कसरतींच्या आधी त्याला स्टार्ट शिकवा.

दुकानात बीएमएक्स म्हणून दाखवली जाणारी सायकल बहुधा फ्रीस्टाइलची, म्हणजे कसरतींची आणि वजनाने जड असते. रेसची सायकलही २० इंची चाकांचीच असते, पण ती हलकी असते, तिला एकच गिअर आणि मागे ब्रेक असतो. पहिल्याच खरेदीत ही गल्लत झाली तर पैसे वाया जातात, हे मी अनेक पालकांच्या बाबतीत पाहिले आहे.

शर्यतीत एका वेळी ८ जण उताराच्या माथ्यावरच्या गेटला, म्हणजे सुटताना खाली पडणाऱ्या आडव्या फळीला पुढचे चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून तोल सांभाळत उभे असतात. ऑलिंपिक दर्जाच्या ट्रॅकवर हा उतार ८ मीटर उंचीवरून सुरू होतो आणि साधारण ४०० मीटरचे सगळे अंतर ४० सेकंदांच्या आत संपते. पहिल्या वळणात जो पुढे शिरला त्याला नंतर गाठणे फार कठीण असते, कारण वाट अरुंद असते आणि प्रत्येक उंचवट्यावर पुढचा स्वार आपला मार्ग निवडून मोकळा होतो. म्हणून सगळा जीव पहिल्या काही सेकंदांत असतो. ‘रायडर्स रेडी, वॉच द गेट’ ही सूचना संपल्यावर किती वेळाने बीप वाजेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेले असते, त्यामुळे अंदाजाने सुटता येत नाही. बीप चार असतात आणि गेट चौथ्या बीपला पडते. तयारीचा स्वार मात्र पहिल्याच बीपला कंबर हँडलकडे झोकून देतो, म्हणजे गेट खाली जाईपर्यंत त्याचे वजन पुढे आलेले असते.

हे शिकायला पूर्ण ट्रॅक लागत नाही. आम्ही उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पत्र्याचे, एअर सिलिंडरवर पडणारे गेट करून घेतले आणि ते मुरमाच्या उतारावर बसवले. सातवीतली एक मुलगी पहिले काही आठवडे दर वेळी मागेच राहायची, कारण ती गेट पडताना डोळ्यांनी पाहून निघायची. मी तिला डोळे मिटून फक्त बीप ऐकायला लावले. तिसऱ्या दिवशी तिचे चाक गेट पडताक्षणीच सुटले तेव्हा ती उताराच्या तळाशी थांबून स्वतःच्याच चाकाकडे पाहत राहिली. (पावसाळ्यात मुरमाचे उंचवटे वाहून जातात, ताडपत्री आणि फावडे हाही येथे सरावाचाच भाग आहे.)

राष्ट्रीय पातळीबद्दल स्पष्ट सांगतो. आपल्या राष्ट्रीय सायकलिंगचा भर रोड, ट्रॅक (वेलोड्रोम या गोलाकार धावपट्टीवरच्या शर्यती) आणि एमटीबी (माउंटन बाइक) यांवर आहे, त्यामुळे जिल्हा संघटनेत नोंदणी करून मुलाने एमटीबीच्या आणि पुढे ट्रॅक स्प्रिंटच्या स्पर्धाही खेळाव्यात. यात बीएमएक्सची मेहनत फुकट जात नाही. ट्रॅक सायकलिंगमध्ये ६ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ब्रिटनचे ख्रिस हॉय ७ ते १४ या वयात बीएमएक्सच चालवत होते आणि त्या गटात ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. गाव लहान असल्याची चिंता करू नका: २००८ आणि २०१२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स रेसिंगचे पुरुषांचे सुवर्ण जिंकणारे मारिस श्ट्रोम्बेर्ग्स लॅटव्हियातल्या वाल्मिएरा या कोल्हापूरपेक्षा कितीतरी लहान शहरातले. पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. टोकियोत महिलांचे सुवर्ण जिंकणाऱ्या ब्रिटनच्या बेथ श्रीव्हर यांचा सरकारी निधी थांबला, तेव्हा त्यांनी शाळेत सहायक म्हणून काम केले आणि पात्रता फेऱ्यांच्या प्रवासासाठी लोकवर्गणी जमवली. ज्या शहरात तालमी लोकांच्या आधारावर उभ्या राहिल्या, तेथे वर्गणी मागायला संकोच वाटू नये.

खर्चात एकाच ठिकाणी हात आखडता घेऊ नका. ८ जण एका वळणात घुसतात तेव्हा पडणे ठरलेलेच असते; रिओ ऑलिंपिकचे विजेते कॉनर फील्ड्स यांना टोकियोत पडल्यावर मेंदूत रक्तस्राव झाला होता. सायकल जुनी घेतली तरी चालेल, पण हनुवटी झाकणारे फुल-फेस हेल्मेट नवेच घ्या, ते दुकानात मुलाच्या डोक्यावर बसवून, मान हलवून पाहूनच घ्या, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी पुन्हा त्याच्या डोक्यावर घालू नका.