‘घर बघून ठेवावं म्हटलं’

‘माझ्या कामामुळं घरच्यांना धोका होईल का? पत्ता लपवावा, की मीच उगाच घाबरतेय?’ हा प्रश्न वर्षातनं चार-सहा वेळा तरी माझ्यापुढं येतो. विचारणारे कधी कर्जवसुलीतले असतात, कधी कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे डॉक्टर. इथं एका वकीलबाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नेहमीसारखा फॉर्म पुढं केला. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी ‘कोल्हापूर’ एवढंच लिहिलं आणि पेनला टोपण लावलं. ‘हा कागद कुठं ठेवता मॅडम? कपाटाला कुलूप असतं?’

असतं, असं मी पटकन म्हणून गेले. खरं तर किल्ली दिवसभर कपाटालाच लटकलेली असायची.

बाई पोटगीच्या आणि घरगुती हिंसाचाराच्या केसेस चालवतात, बहुतेक बायकांच्या बाजूनं. एका केसमधल्या नवऱ्याचा भाऊ एका संध्याकाळी त्यांच्या पेठेत आला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, ‘वकीलबाई कुठं ऱ्हात्यात?’ चहावाल्यानं बोट दाखवलं नाही. पोऱ्याला सोबत पाठवून दारापर्यंत पोचवलं. बाई घरी नव्हत्या. सासूबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला. नातू कुठल्या शाळेत जातो हेही गप्पांत सांगून झालं. निघताना तो म्हणाला, ‘काम काय न्हाई. सहज आलतो. घर बघून ठेवावं म्हटलं.’

शिवी नाही, धमकी नाही. पण त्या दिवसापासून बाई कोर्टातनं सुटल्यावर थेट घरी जाईनात. गाडीवरनं रंकाळ्याला एक चक्कर मारायची, मागं कोण नाही बघायचं, मग गल्लीत शिरायचं. मुलाचं खेळायला जाणं बंद. नवऱ्याचं एकच पालुपद, ‘कोल्हापूर हाय हे, एवढं काय व्हत न्हाई.’

पहिल्या भेटीत मी चुकले. झोप, धडधड, श्वास यांवरच बोलत राहिले, आणि श्वासाचा एक व्यायाम देऊन पाठवलं. बाईंनी तो इमानदारीनं केला आणि पुढच्या वेळी सांगितलं, ‘श्वास बरा चाललाय. त्याला पत्ता अजून माहीतच आहे.’ बरोबर होतं त्यांचं. भीतीला खरं कारण असेल तर आधी कारणाकडं बघावं लागतं.

मग कागद घेतला आणि पत्ता कुणाकुणाकडं आहे ते लिहीत गेलो. ऑफिस घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळं प्रत्येक वकीलपत्रावर घरचा पत्ता. म्हणजे समोरच्या पार्टीच्या हातात तो त्यांनी स्वतःच दिलेला. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा पेपरात दिलेली रक्षाविसर्जनाची जाहिरात, घर नंबरासकट, खाली सुनेच्या नावाआधी ‘ॲड.’. नणंदेच्या लग्नाची पत्रिका. मंडळाच्या वर्गणीची पावती. मतदार यादीतही घर क्रमांक असतो, आणि ती तर सगळ्यांसाठीच खुली. झेरॉक्स देताना बाई मास्क्ड आधार वापरायच्या. पण त्यात आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकतात, पत्ता जसाच्या तसा दिसतो. हे ऐकून वकीलबाई स्वतःवरच हसल्या. त्या खोलीतलं त्यांचं ते पहिलं हसू.

हसल्यानंतर काम सोपं झालं. छापून गेलेलं परत येत नाही, ते सोडून दिलं. कोर्टाजवळ एका सीनियरच्या ऑफिसात टेबल मिळालं. नवीन वकीलपत्रं, कुरिअर, व्हिजिटिंग कार्ड सगळं तिथल्या पत्त्यावर. मुलाला न्यायला कोण येईल ते शाळेला लेखी दिलं. पोलिसांत अर्ज द्यायचं मात्र रेंगाळत होतं. ‘दिवसभर मी बायकांना सांगतो, अर्ज दे, पोच घे. स्वतःचा लिहायला हात उचलंना,’ त्या म्हणाल्या. (आमच्याकडच्या बायका ‘सांगतो’, ‘येतो’च म्हणतात.) २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातलं कलम १८ त्यांना तोंडपाठ. त्यात पीडितेला मदत करणाऱ्या माणसाशीही हिंसा करायला प्रतिवादीला मनाई करता येते. इतकी वर्षं ते कलम त्यांनी स्वतःला धरून कधी वाचलंच नव्हतं. शेवटी अर्ज गेला. पोलिसांनी त्या भावाला बोलावून समज दिली.

खरी गाठ दारावरच्या पाटीची होती. पितळी पाटी, सुनेला सनद मिळाली तेव्हा सासऱ्यांनी करून आणलेली. सासूबाई दर शनिवारी ती चिंच-मीठ लावून घासायच्या. पाटी काढायचं नाव निघालं की जेवण सोडायच्या. मी त्यांनाही बोलावलं. त्या आल्या, पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेली पाटीच काढून टेबलावर ठेवली. घासून घासून ‘ॲड.’मधला काळा रंग पार गेला होता. म्हणाल्या, ‘दारात आलेल्याला पाणी बी विचारायचं न्हाई व्हय? आणि ह्यांच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय दारावर.’

मी काही समजावलं नाही. सासऱ्यांबद्दल विचारलं. पाऊण तास त्या बोलल्या, सून ऐकत होती. त्या माणसाला आपण चहा पाजला, याची टोचणी त्यांनाच जास्त होती, हे सुनेला तेव्हा कळलं. पाटी आता देवघराच्या भिंतीवर आहे, शनिवारची घासणी चालू आहे. नवखं माणूस आलं तर दार न उघडता जाळीतनंच बोलायचं आणि सुनेला फोन लावायचा, हे सासूबाईंनी स्वतःच ठरवलं.

चहावाल्याशी मात्र नवराच बोलला. एवढं काय होत नाही म्हणणारा. दोनेक महिन्यांनी बाई आल्या तेव्हा सांगत होत्या, गडहिंग्लजचे मामा गुळाची ढेप घेऊन आलेले. फोन लागेना म्हणून कोपऱ्यावर विचारलं. चहावाला म्हणाला, ‘वकीलबाई व्हय? त्या गेल्या की रंकाळ्याकडं ऱ्हायला.’ मामा तासभर ढेप घेऊन तळ्याभोवती फिरत होते.