मन भटकलं म्हणून नमाज पुन्हा पढावी का?

"नमाजमध्ये माझं मन लागत नाही. माझी नमाज कबूल होत असेल का?" चिपळूणला समुपदेशन करताना हा प्रश्न मला कॉलेजातली मुलं विचारतात, आखातातून सुट्टीवर आलेले भाऊ विचारतात आणि सगळ्यांत जास्त घर सांभाळणाऱ्या बायका विचारतात. त्यातल्याच एकीची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीचं. नवरा कुवेतला, घरी सासू आणि दोन मुलं. त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं की इशाची, म्हणजे रात्रीची नमाज आटपायलाच त्यांना रात्रीचे साडेअकरा होतात. चार रकात (नमाजची आवर्तनं) फर्ज, म्हणजे सक्तीची नमाज पढून सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली, की लगेच मनात यायचं, तिसऱ्या रकातीत फातिहा (कुरआनची पहिली सूरह) म्हटली का? मधेच मुलाच्या फीचा विचार आला होता, मग ती नमाज झाली का? की परत उभ्या. सासूबाईंना वाटायचं, सून भारी परहेजगार (धर्मनिष्ठ) आहे. सून मात्र आतून पार थकली होती.

"मॅडम, अल्लाहसमोर उभी राहून मी कुकरच्या शिट्ट्या मोजते. ही बेअदबी नाही का?" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी त्यांना विचारलं, नमाज चालू असताना तुमचं लक्ष नेमकं कुठे असतं? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लक्ष लागलंय की नाही, त्याच्यावर."

दुखणं इथेच होतं. कुरआनातल्या सूरह अल-मुमिनूनची सुरुवातच सांगते की जे आपल्या नमाजमध्ये खुशू (नम्र एकाग्रता) ठेवतात, ते यशस्वी झाले. या आयतीचा त्यांनी धसका घेतला होता. पण परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखं स्वतःवरच नजर ठेवून उभं राहिलं, तर ती नजर अल्लाहकडे जाणार कधी? "मी कशी पढतेय" हा विचार कितीही धार्मिक वाटला, तरी त्याच्या मध्यभागी "मी"च असते. खुशूमध्ये एकाग्रता आणि नम्रता एकत्र असतात, त्या याच कारणाने. स्वतःचा हिशेब खाली ठेवल्याशिवाय मन मोकळं होत नाही.

त्यांनी लगेच हरकत घेतली. "पण पैगंबरांनी एका माणसाला परत परत नमाज पढायला लावली होती ना?" हो, ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. त्या माणसाला 'जा, पुन्हा पढ, तुझी नमाज झाली नाही' असं तीनदा सांगितलं गेलं. पण ते घाईसाठी होतं. मनात विचार आले म्हणून त्याला कुणी परत पाठवलं नव्हतं. त्याला शिकवलं ते एवढंच की रुकूत (कमरेत वाकल्यावर), रुकूतून उभं राहिल्यावर, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकल्यावर) आणि दोन सजद्यांच्या मधे शरीर पुरतं स्थिर होऊ दे.

मग मी त्यांना आणखी हदीस आठवून दिल्या. नक्षीदार चादर अंगावर असताना खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्यांनी ती अबू जहम या साथीदाराकडे पाठवली आणि साधी मागवली. नमाज पुन्हा पढल्याचा त्यात उल्लेख नाही. एकदा त्यांच्याकडून चारऐवजी दोन रकातींवर सलाम फेरला गेला, तेव्हा राहिलेल्या दोन पढून त्यांनी सहवचे, म्हणजे विसरल्याबद्दलचे सजदे केले. आणि मूल रडलेलं ऐकू आलं की ते जमातची (सामूहिक) नमाज आटोपती घेत, कारण मागे नमाज पढणाऱ्या त्याच्या आईची घालमेल त्यांना कळायची. ही शेवटची हदीस ऐकून बाई खूप रडल्या. नमाजमध्ये मुलाचा आवाज कानावर येणं हा गुन्हा आहे, असं त्या इतकी वर्षं धरून बसल्या होत्या.

पुढचं काम दोन वेगळ्या गोष्टींचं होतं, आणि त्यांची गल्लत करू नये असं माझं ठाम मत आहे. मन भटकण्यावर उपाय म्हणजे तयारी. कुकर बंद करूनच वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करायचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत, भूक असेल तर आधी जेवण. कलाबतूच्या जानमाजऐवजी (नमाजच्या आसनाऐवजी) साधी चादर. सगळ्यांत जास्त फरक पडला तो अर्थामुळे. फातिहा त्यांना लहानपणापासून पाठ होती, अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता. एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो की नमाज मी माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी अर्धी वाटली आहे. बंदा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो तेव्हा मी म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. म्हणून प्रत्येक आयतीनंतर थोडं थांबायचं ठरलं. मन गेलं कुठे तरी, तर स्वतःला न रागावता पुढच्या शब्दावर यायचं. सलामनंतरची दुआ आपल्या कोकणीत, जे मनात असेल ते.

शंकेचा उपाय वेगळा: परत पढायचं नाही. मसल्याचा, म्हणजे धार्मिक नियमाचा निर्णय देणं माझं काम नाही, म्हणून भावामार्फत त्यांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. सलाम फेरल्यानंतर येणारी शंका धरायची नाही, असं मौलानांनी स्पष्ट सांगितलं. मग सलाम, दुआ, चादरीची घडी आणि खोलीबाहेर. सुरुवातीला छाती धडधडायची, पाय परत आत वळायचे. ती बेचैनी अंगावर घेऊन थांबलं की ती आपोआप उतरते, हे त्यांनी स्वतः अनुभवलं आणि मग विश्वास बसला. आता इशा वेळेत होते, झोप लागते. फीचे विचार अजून येतात. त्या पढत राहतात.

तुमच्याही घरी कुणी वुजू, नमाज, पाकी (शुद्धता) यांत रोज तासाहून जास्त वेळ पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर तो इमानचा कमकुवतपणा समजू नका. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असू शकतो आणि त्याला उपचार आहेत: याच पद्धतीची थेरपी, गरज पडली तर गोळ्या. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.