मार्चमध्ये जर्मनीहून कमी खर्चात उबदार ठिकाणी जायचं आहे. माल्टा स्वस्त दिसतंय, घ्यावं का?

घेऊ नका. निदान ऊब हवी असेल तर नाहीच.

तुमचं म्हणणं असं: राहायला कोलोनजवळ, दोन्ही मुलं अजून किंडरगार्टनमध्ये, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभर कुठेतरी उन्हात पडायचंय, आणि माल्टाचं तिकीट स्पेनच्या कॅनरी बेटांच्या निम्म्यात मिळतंय. हे तिकीट माझ्या चांगलं ओळखीचं आहे. आमचे भाऊजी (ताईचे यजमान, मुक्काम आइंडहोवन) दर जानेवारीत त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, "याहून स्वस्त दाखवा." कोणी दाखवत नाही, कारण याहून स्वस्त नसतंच. आमचा वाद तिकिटाबद्दल कधी नव्हताच.

माल्टात मार्चमध्ये दुपारचं तापमान १७-१८ अंशांपर्यंत जातं. कोलोनच्या १०-११ अंशांत बसून हा आकडा वाचला की जीव हरखतो. पण भूमध्य समुद्र सगळ्यात गार असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्येच. पाणी तापायला आणि निवायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं, त्यामुळे हिवाळा संपला तरी समुद्रात तो मुक्कामाला असतो. मार्चमध्ये तिथलं पाणी १५-१६ अंश, आणि बेट एवढंसं की चारही बाजूंनी त्याच पाण्यावरून वारा येतो. हेच माल्टा ऑक्टोबरमध्ये सुरेख उबदार असतं. क्रीट, सिसिली, मायोर्का, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच रडगाणं. भाऊजींना हे मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं. ते म्हणाले, "अगं, ट्युनिसच्याही खाली आहे ते." आहेच. म्हणून काय झालं?

तर एका वर्षी आई नागपूरहून आली होती, फेब्रुवारीत. का फेब्रुवारीत, तर तिकीट भाऊजींनी काढलं होतं, एवढं सांगितलं की पुरे. आमच्याकडचे ते राखाडी आठवडे बघून तिने एकच मागणी केली, "तुमच्या इकडे सूर्य असतो की नाही ते तरी दाखवा मला." मी कॅनरी म्हटलं. भाऊजींनी लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. दरडोई खर्च, लाल आणि हिरव्या रंगात. माल्टा हिरवं. ताई काही बोलली नाही, आमचे हे तर अशा वेळी हमखास बाल्कनीत जातात. झालं, माल्टा ठरलं.

पहिल्या दिवशी ऊन होतं, ते मी नाकारत नाही. स्लीमाच्या समुद्रकाठी भाऊजींनी जॅकेट काढून टीशर्टवर फोटो काढून घेतला आणि फोटो झाल्यावर जॅकेट परत घातलं. तो फोटो अजून त्यांच्या डीपीला आहे. बघणाऱ्याला वाटतं जून महिना.

खरी गंमत संध्याकाळी फ्लॅटवर. माल्टातली जुनी घरं तिथल्याच पिवळट चुनखडीच्या दगडाची, उंच छताची, खाली फरशी. उन्हाळ्यातली आग बाहेर ठेवायला बांधलेली. जर्मनीतल्यासारखे खिडकीखाली रेडिएटर तिथे बहुतेक घरांत नसतातच. हिवाळाभर भिंती गारठा आणि ओल पिऊन बसतात आणि मार्चमध्ये तुम्ही जाता तेव्हा तो सगळा परत देतात. बाहेर बरं आणि आत थंड, असा उलटा प्रकार. घरमालकाने जाहिरातीत "हीटिंग आहे" लिहिलं होतं, ते म्हणजे भिंतीवरचा एसी, आणि त्याच्या विजेचे पैसे वेगळे. आई दोन स्वेटर, पायमोजे आणि माकडटोपी घालून स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसली आणि म्हणाली, "हे घर मे महिन्यात नागपूरला पाहिजे होतं बाप्पा. इथे थंडी वाजून राहिली न मला." रात्री गाद्या दमट लागायच्या. धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच.

मग ईशान्येचा वारा सुटला. तिथले लोक त्याला ग्रिगाल म्हणतात आणि तो सुटला की खांदे उडवतात. ब्लू ग्रोटो या समुद्रगुहेच्या होड्या बंद, कोमिनो बेटाची बोट बंद. शेजारच्या गोझो बेटाची मोठी फेरी चालू होती, म्हणून भाऊजींनी आम्हाला गोझोला नेलं, द्वेर्याला. जिथे ती प्रसिद्ध दगडी कमान होती, अझूर विंडो. होती म्हणजे, ८ मार्च २०१७ला वादळात समुद्रात कोसळली. भाऊजी म्हणाले, जागा तरी बघू. आम्ही जागा बघितली. मी तारीख सांगितली आणि म्हटलं, मार्चमध्ये इथली हवा काय करते त्याचं हे स्मारकच समजा. भाऊजी त्यानंतर जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आता खर्चाचं. वाऱ्यात बसस्टॉपवर उभं राहणं आईला जमेना, म्हणून टॅक्सी. ऊब मिळावी म्हणून दिवसातून तीनदा कॅफे. गरम पास्तित्सी (सारण भरलेली तिथली खारी) घ्यायची ती निम्मी खायला आणि निम्मी हात शेकायला. एसीचं बिल. आईसाठी लोकरी शाल, ताईसाठी बंद बूट. हे सगळं भाऊजींच्या एक्सेलमध्ये कुठे गेलं? "इतर" नावाच्या रकान्यात. आणि दरडोई खर्चाच्या सूत्रात "इतर" धरलेलंच नाही! मी स्वतः बघितलंय ते. तो रकाना धरला तर माल्टा आणि कॅनरी यांच्यातला फरक जवळजवळ मिटतो.

म्हणून माझा हिशेब वेगळा. जॅकेट न घालता बाहेर बसता आलं असे तास मोजायचे आणि एकूण खर्चाला त्याने भागायचं. निव्वळ तिकीट स्वस्त म्हणून गारठ्यात जायचं असेल तर घरी हीटर पाचवर, म्हणजे सगळ्यात जास्त, ठेवून बसणं त्याहून स्वस्त पडतं.

पुढच्या खेपेला आई आली तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. कॅनरीतलं ग्रान कॅनेरिया बेट, दक्षिण किनारा, सान आगुस्तीनमधली जुनाट बंगलीवजा खोली. दिसायला काही खास नव्हती. आजूबाजूला सगळे जर्मन पेन्शनर, सकाळी सहाला आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरणारे. पण दुपारी २२-२३ अंश, कोरडी हवा, आणि उन्हाला ऊन म्हणावं असं ऊन. आईने कठड्यावर टॉवेल टाकला, तासाभराने चाचपला आणि निकाल दिला, "इथे कुरडया वाळतील." मार्च म्हणजे आमच्याकडे वाळवणाचे दिवस, त्यामुळे तिच्या लेखी याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. नंतर ती रोज सुती साडीत बाहेर बसून भाजी निवडायची. तिथल्या लास पाल्मास शहरात सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे डाळी-मसाल्यांची अडचण येत नाही.

तुमच्या कामाचं आता सांगते. बेटापेक्षा बाजू महत्त्वाची. ही बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर, साधारण २८ उत्तर अक्षांशावर, आणि व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. उंच बेटांवर ढग उत्तरेच्या उतारावर अडतात आणि दक्षिण कोरडी राहते. महाबळेश्वर आणि वाई डोळ्यांसमोर आणा, झालं. तेनेरीफे बेटावर तेइदे डोंगर ३,७१५ मीटरचा आहे, तेव्हा उत्तरेच्या पुएर्तो दे ला क्रूसला छत्री आणि दक्षिणेच्या लोस क्रिस्तियानोसला गॉगल असं एकाच दिवशी होतं. स्वस्त हॉटेल दिसलं की ते उत्तरेला आहे का ते आधी बघा. बरेचदा स्वस्ताईचं कारण तेच असतं. तेनेरीफेला विमानतळही दोन आहेत, दक्षिणेचाच घ्या. लान्सारोते आणि फुएर्तेवेंतुरा बुटकी बेटं, तिथे ढग कमी अडतात पण वारा भरपूर; लहान मुलांच्या डोळ्यांत वाळू जाते.

सुटं तिकीट आणि सुटं हॉटेल घेऊ नका, जर्मनीतून पाउशालराइजे, म्हणजे सगळं एकत्र असलेलं पॅकेज, बघा. विमान, हॉटेल, बस आणि बहुतेकदा बॅग मिळून जी किंमत येते ती बरेचदा सुट्या बेरजेपेक्षा कमी निघते, आणि मुलांचे ठरावीक दर असतात. एक खरं की कॅनरीचा मोसमच हिवाळा, त्यामुळे तिथे मार्चमध्ये भूमध्यासारखी पडेल भावाची हॉटेलं मिळत नाहीत. कार्निव्हल (फेब्रुवारी-मार्चमधला उत्सव) आणि ईस्टर यांच्या मधले दिवस पकडायचे. तुमची मुलं शाळेत जायची आहेत तोवर हे जमेल, पुढे शाळेच्या सुट्ट्यांना बांधले जाल आणि दर बघून डोळे पांढरे होतील. २०२७मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे त्या वर्षी महिन्याचा उत्तरार्ध महागच. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तिथे स्पेनचा २१ टक्के व्हॅट लागत नाही, ७ टक्क्यांचा वेगळा स्थानिक कर आहे, त्यामुळे पेट्रोल आणि बरंच काही मुख्य भूमीपेक्षा स्वस्त. पूल तापवलेला आहे का हे विचाराच, आणि मुलांचा छोटा पूलसुद्धा तापवलेला आहे का हे वेगळं विचारा. समुद्र तिथेही १९ अंशांच्या आसपासच असतो. मुलं जातील, तुम्ही घोट्यापर्यंत जाल.

"तिथे बघायला काय आहे, म्हातारे आणि हॉटेलं," हे भाऊजींचं नेहमीचं वाक्य. तेखेदा गाव आहे, रोके नुब्लोचा सुळका आहे, मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्या आहेत, लास पाल्मासमधली बेगेता वस्ती आहे. १४९२च्या सफरीत कोलंबस याच बेटांवर थांबून पुढे गेला. पुरे नाही का? आणि सुट्टीत रोज काहीतरी बघितलंच पाहिजे हा नियम कोणी केला?

सायप्रस जरा उबदार, पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. आईवडील एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर आले असतील तर ते सायप्रसहून जर्मनीत परत येऊ शकणार नाहीत. कॅनरी स्पेनचाच, म्हणजे शेंगेनचाच भाग असल्याने ही भानगड नाही. इजिप्तचं हुरघाडा खरं तर उबेच्या हिशेबात कॅनरीलाही मागे टाकतं, समुद्र २२ अंशांचा आणि पॅकेज स्वस्त. पण भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचे नियम आधी नीट वाचा. मी तिथे गेलेली नाही, भाऊजी गेलेत, आणि आवडलं म्हणतात. म्हणून बहुधा मी जाणार नाही.

राहिलेलं एक-दोन. कॅनरीत अधूनमधून सहारातून धुळीचा वारा येतो, कालिमा. फेब्रुवारी २०२०मध्ये त्यापायी विमानतळ बंद ठेवावे लागले होते. मुलांना दमा असेल तर हे लक्षात ठेवा. विमानप्रवास साडेचार-पाच तासांचा, माल्टाचा तीनच्या आसपास. किंडरगार्टनमधल्या दोन मुलांबरोबर हा फरक छोटा नाही. आणि माल्टा वाईट जागा आहे असं मी म्हटलेलं नाही. वालेत्ताच्या कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं १६०८चं ते भलंमोठं चित्र आहे, त्याच्यासमोर आमची आईसुद्धा थंडी विसरून उभी राहिली. म्दीना हे जुनं तटबंदीचं गाव बघा, हायपोजियम हे भुयारातलं प्राचीन दफनस्थळ बघा (तिकिटं फार आधी काढावी लागतात). पण यातलं एकही उन्हात पडून राहण्याचं नाही आणि तुमच्या चार-पाच वर्षांच्या मुलांना यातलं काहीही नको आहे.

एवढं वाचूनही माल्टाच घ्यायचं ठरलं तर जुन्या घराच्या मोहात पडू नका, हॉटेल घ्या, आणि खोली कशाने गरम होते हे लेखी विचारा. "एसी आहे" असं उत्तर आलं तर विजेचे पैसे भाड्यात धरलेत का, तेही विचारा. भाऊजींनी विचारलं नव्हतं.