अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या डेल चिल्ड्रन्स रुग्णालयासाठी वीज कंपनीनेच वेगळं ऊर्जा केंद्र का उभारलं?

कारण रुग्णालयाला नुसती वीज पुरत नाही. वाफ आणि गार पाणीही चोवीस तास लागतं, आणि ऑस्टिन एनर्जी या शहराच्या मालकीच्या कंपनीला तिन्ही गोष्टी एकाच इंधनातून देता येत होत्या. जुन्या म्युलर विमानतळाच्या जागेवरच्या या केंद्रात नैसर्गिक वायूवर टर्बाइन फिरतं. त्यातून निघणारे तापलेले वायू एरवी चिमणीतून वाया गेले असते. इथे त्यांच्यावर वाफ करतात, आणि त्याच उष्णतेवर वातानुकूलनासाठी पाणीही गार होतं. शिवाय बॉयलर-चिलर बसवण्याचा भांडवली खर्च रुग्णालयाचा वाचला. २००७ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय लीड प्लॅटिनम हे पर्यावरणपूरक इमारतींचं सर्वोच्च मानांकन मिळवणारं जगातलं पहिलं रुग्णालय ठरलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र उष्णतेची मागणी बारमाही नसेल तिथे हे गणित बसत नाही.