१९७१ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), बेल हाउसिंगमधून तेल गळतंय. मिस्त्री म्हणतात इंजिन उतरवू. उतरवू का?

इतक्यात नको. रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की बेल हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या आवरणाखाली, बशीएवढा डाग पडतो, एवढंच तुम्ही लिहिलंय. त्यावरून क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं असं ठरत नाही. चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे आणि आपल्या वजनाने खाली सरकतं. त्यामुळे वर कुठेही गळो, थेंब टपकतो तो मागच्याच टोकाला.

शिवाय या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० ऑइल असतं, म्हणून वासाने किंवा चिकटपणाने दोन्ही वेगळं ओळखता येत नाही. रंग बघा. काळपट असेल तर इंजिनचं, मधासारखं स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सचं. गालिच्याखाली, दोन सीटांमधल्या उंचवट्यावरच्या (बोगद्यावरच्या) रबरी बुचाखाली गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे, तीही दर आठवड्याला काढून पाहा.

आता मुख्य काम. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि ब्लॉक डिग्रीजरने अगदी लख्ख करा. वाळल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा, फक्त एअर फिल्टरपासून लांब. मग पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर एक फेरी मारा. जॅममध्ये रांगून उपयोग नाही, इंजिनला सलग वेग मिळायला हवा. परत आल्या आल्या बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत जा. पांढऱ्या पावडरीवर जिथे सगळ्यात वर ओलसर करडी रेघ दिसेल, तिथे गळती आहे. खालचं सगळं ओघळ.

मी परळमध्ये अशीच एक गाडी सांभाळतो. तिच्यात ही रेघ निघाली ब्लॉकच्या मागच्या बाजूने ऑइल प्रेशरच्या मीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाशी. वरून पाइप ठणठणीत दिसत होता. बोटाने जरा वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या आणि त्यांत तेलाचे मणी चमकले. या पाइपात पूर्ण प्रेशर असतं. फुटला तर इंजिनखालचा तेलाचा चेंबर बघता बघता रिकामा होईल. तुमचा किती जुना आहे माहीत नसेल तर गळत नसला तरी बदलून टाका.

दुसरी तपासणी ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर काढणाऱ्या वाटेची. ही मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि गॅरेजमध्ये हीच राहून जाते. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकासा आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर आत दाब साठतोय. अशा वेळी नवं सील घातलं तरी तेही गळणार. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची दोन साइड कव्हरं असतात. त्यातल्या पुढच्या कव्हरवरच्या ब्रीदरच्या डब्यात तारेची जाळी असते, ती चिकटून बंद झालेली असते. कव्हर काढून डबा रॉकेलमध्ये भिजत घाला. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात, पण इंजिन उतरवण्यापेक्षा ते परवडलं. ब्रीदर साफ असूनही कागद उडत असेल तर कॉम्प्रेशन तपासा, कारण मग पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असू शकतात.

हेडवरच्या रॉकर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग नवं घालताना ते कव्हरला चिकटवा, हेडची बाजू कोरडी ठेवा. दोन्ही नट हलक्या हाताने आवळा. साइड कव्हरांना तर प्रत्येकी एकच बोल्ट असतो. तो जोरात आवळला की पत्रा मधे दबतो आणि कडा उचलतात, म्हणजे गळती वाढते. आणि सिलिकॉन थापू नका. त्याचे तुकडे आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

यातलं काहीच निघालं नाही आणि बेल हाउसिंगच्या आतूनच, तळाशी कॉटर पिन अडकवलेल्या निचऱ्याच्या भोकातून, काळं तेल येत राहिलं, तर मिस्त्री बरोबर आहेत. मग इंजिन उतरवाच, पण त्याच कामात क्लच प्लेट आणि क्लचचं कार्बनचं रिलीज बेअरिंगही बदलून घ्या.

तोवर गाडीखाली ट्रे ठेवा, आणि एक्झॉस्टवर तेल पडत असेल तर ती रस्त्यावर काढूच नका. पावडरीचा फोटो इथे टाका, रेघ कुठून येते ते मी बघून सांगतो.