‘आधी बरी हो, मग लोकांचं बघ’

प्रश्न : ताई, माझं वय ४७. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले होते. यंदा पाठ दुखायला लागली म्हणून तपासण्या केल्या, तर तो मणक्यात आणि यकृतात पसरलेला निघाला. डॉक्टर म्हणतात, पूर्ण बरा होणार नाही, आटोक्यात ठेवू. गोळ्या सुरू आहेत. माझ्यासारख्या रुग्णांसाठी काही करावं असं मनात येतं, पण घरचे म्हणतात, ‘आधी बरी हो, मग लोकांचं बघ.’ शिवाय मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. माझा उपयोग होईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : घरचे हे मायेपोटी बोलतात. माझ्याही घरी बोलले. पण ‘आधी बरी हो’ ही अट आपल्या आजारात पुरी होणारी नाही. माझाही कर्करोग काही वर्षांनी हाडांत परतला. तेव्हापासून तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की सुट्टी लांबते. मधूनमधून स्कॅन. एक औषध चालेनासं झालं की पुढचं. काम करायचं तर ते हे सगळं चालू असतानाच करायचं, आणि घरच्यांना हे स्पष्ट सांगा.

उपयोगाचं म्हणाल, तर रोझ कुशनर या अमेरिकी पत्रकार बाईंचं उदाहरण बघा. १९७४ मध्ये त्यांना स्तनात गाठ लागली. तेव्हाची पद्धत अशी, की भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. बाई शुद्धीवर यायची तेव्हाच तिला कळायचं. कुशनर यांनी हट्ट धरला की आधी तपासणी, मग मला सांगा, मग शस्त्रक्रिया. १९७९ मध्ये अमेरिकेत या विषयावर तज्ज्ञांची समिती बसली, तीत त्याही होत्या, आणि दोन टप्प्यांची पद्धत मान्य झाली. त्या डॉक्टर नव्हत्या.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा विषय, डोस. केमोच्या काळापासून रीत अशी की रुग्णाला सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा, आणि तो ठरतो थोड्या रुग्णांवर, पहिल्या काही आठवड्यांत. आपण मात्र गोळी वर्षानुवर्षं घेतो. संशोधनाच्या मोजपट्टीत रोज नेहमीपेक्षा दोन-तीनदा जास्त शौचाला जावं लागणं ही पहिली, म्हणजे सौम्य श्रेणी. आठवडाभर असेल तर सौम्य, मान्य. पण महिनोन्महिने तेच असेल तर बाई घराबाहेर पडायचं सोडते, आणि कागदावर सगळं ठीक दिसतं! मेटास्टॅटिक, म्हणजे शरीरात पसरलेल्या, कर्करोगासह जगताना अॅन लोसर यांनी याच प्रश्नावर रुग्णांची चळवळ उभी केली. त्यांच्या गटाने बाराशेहून अधिक रुग्णांना विचारलं. दहातल्या आठांहून जास्त जणींनी उपचारांचा मोठा त्रास झाल्याचं सांगितलं, आणि ज्यांचा डोस डॉक्टरांनी कमी केला त्यांतल्या बहुतेकींना बरं वाटलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानेही डोस ठरवण्याची पद्धत सुधारायचा प्रकल्प सुरू केला. यावरून स्वतःच गोळी कमी करू नका. त्रासाची रोजची नोंद ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, ‘यापेक्षा कमी डोस मला चालेल का?’

सुरुवात स्वतःच्या फाइलपासून. तुमचा कर्करोग हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू या पेशींवरच्या प्रथिनाच्या तपासणीत कुठल्या गटात बसतो, पसरलेल्या जागेची बायोप्सी झाली का, हे तुम्हाला तोंडपाठ हवं. परतलेल्या कर्करोगाचा प्रकार कधीकधी मूळ गाठीपेक्षा वेगळा निघतो, म्हणून ती बायोप्सी महत्त्वाची. मग एखाद्या रुग्णगटात जा आणि काही महिने नुसतं ऐका. तुमच्यापेक्षा वेगळ्या प्रकारच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या बायकांचं जास्त ऐका. आपली हकीकत सांगणं सोपं असतं. मेंदूत कर्करोग पसरलेल्या एखादीच्या वतीने बोलायला आधी तिचं जगणं कळावं लागतं. अशा बायकांना वर्षानुवर्षं औषधांच्या चाचण्यांतून वगळलं गेलं. टुकाटिनिब या औषधाच्या चाचणीत त्यांना मुद्दाम घेतलं, जवळपास निम्म्या रुग्णांच्या मेंदूत आजार होता, आणि २०२० मध्ये औषध मंजूर झालं.

शास्त्र शिकता येतं. अमेरिकेतली एक रुग्णसंघटना १९९५ पासून सामान्य माणसांना कर्करोगाचं विज्ञान शिकवते आहे.

मी स्वतः चाचण्यांची संमतीपत्रं वाचते. एकात लिहिलं होतं, पहिल्या दिवशी दर थोड्या तासांनी रक्त घेऊ. मी विचारलं, मणका दुखणारी बाई दिवसभर खुर्चीत बसणार कशी? त्यांनी पलंगाची सोय लेखी दिली. हा प्रश्न तिथल्या कुणाला सुचला नव्हता, कारण कुणाची पाठ दुखत नव्हती. तुमची दुखते आहे. तुमचा उपयोग तिथेच आहे.

एक पथ्य मात्र पाळा. कुणालाही औषध सुचवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सुचवायचे. आणि हेही आधीच सांगते, या कामात जोडलेल्या मैत्रिणी जातात. त्यांच्या जाण्याचा शोक करायला वेळ घ्या, त्या आठवड्यात बैठका नकोत.

प्रश्न : ताई, माझी पत्नी हे काम करते. तिच्या कर्करोगाने पाठीचा कणा धरला आहे. बैठकीहून आली की दोन दिवस झोपून असते. मी तिला थांबवू का?

उत्तर : थांबवू नका, ती का थकते ते शोधा. रक्त कमी आहे का, थायरॉईड बिघडलंय का, वेदनेमुळे झोप होत नाही का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. आयोजकांना सांगून बैठका फोनवर घ्यायला लावा आणि स्कॅनचा आठवडा रिकामा ठेवा. फाइल तुम्ही उचला. पाठ अचानक जास्त दुखू लागली, पायांत जोर राहिला नाही, मांड्यांच्या आत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला इस्पितळात न्या. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि उपचाराला उशीर झाला तर चालणं परत येईलच असं नाही.